सौर बंब आणि हीट पंप : एका जुन्या सूचनेची दुरुस्ती

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आदल्या सायंकाळी दिलेले व्याख्यान)



आपल्या पुण्याच्या वसतिगृहातील सौर बंब काढून टाकावेत व त्यांच्या जागी विजेचे गीझर बसवावेत, असा एक ठराव उद्याच्या सभेपुढे यावयाचा आहे. हे सौर बंब बसविण्याची सूचना दहा वर्षांपूर्वी याच व्यासपीठावरून मी केली होती आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आपण सढळ हाताने देणग्या दिल्या होत्या. आषाढ-श्रावणात मुलांना गार पाण्याने आंघोळ करावी लागते, ही तक्रार तेव्हा सर्वप्रथम माझ्याकडेच येते. ती खरी आहे, हे मी आरंभीच मान्य करतो. प्रश्न इतकाच, की तिच्यावर उपाय कोणता योजावा.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना न्हाणीघरातील तांब्याचा बंब आठवत असेल. पहाटे उठून त्यात गोवऱ्या, चिपाडे घालणारी आजी पाण्याची किंमत जाणत होती, कारण ती किंमत तिला स्वतःच्या हातांनी मोजावी लागे. आज बटण दाबले की पाणी तापते आणि किंमत महिनाअखेर कळते. आपण ती आजच मोजून पाहू.

वसतिगृहात ४० विद्यार्थी आहेत. प्रत्येकी २५ लिटर धरले तर रोज १,००० लिटर कढत पाणी हवे. ते २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यावयाचे, तर सुमारे ३५ युनिटांइतकी उष्णता लागते. गीझर हे सर्व विजेतूनच देणार, म्हणजे वीजही निदान ३५ युनिटे लागणार. उन्हाळ्यात व हिवाळ्यात हेच काम आपल्या गच्चीवरील ऊन विनामूल्य करीत आहे. वर्षातील तीन-चार महिन्यांच्या उणिवेसाठी उरलेल्या आठ महिन्यांची ही मिळकत सोडून द्यावी काय?

येथे मी आपणांस हीट पंप या यंत्राचा परिचय करून देतो. नाव नवे वाटले तरी त्याचा भाऊ आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. फ्रीज आतील अन्नाची उष्णता खेचून पाठीमागे बाहेर टाकतो. म्हणून त्याच्यामागे हात धरला तर ऊब लागते. हीट पंप तेच काम बाहेरच्या हवेवर करतो. त्याच्या नळ्यांतील द्रव हवेतील उष्णता घेऊन वायुरूप होतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून अधिक तप्त करतो. ती उष्णता पाण्याला देऊन तो पुन्हा द्रवरूप होतो व पुन्हा हवेकडे परततो. वीज येथे उष्णता उत्पन्न करीत नाही, मुख्यतः ती वाहून नेते. म्हणूनच १ युनिट विजेवर साधारणतः ३ युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते. विल्यम टॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनी इमारती उबविण्यासाठी अशा यंत्राची कल्पना १८५२ सालीच मांडली होती.

सूर्य व हीट पंप यांची सांगडही आजची नव्हे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्क येथे, ब्रिजर्स आणि पॅक्स्टन या अभियंत्यांनी १९५६ साली आपले कार्यालय सौरउष्णतेवर उबविले. टाकीतील पाणी पुरेसे तापलेले नसे तेव्हा त्यातील उरलीसुरली ऊब हीट पंपाने उपसून घेण्याची योजना त्यात होती.

परंतु या जोडीला आपल्या दख्खनची हवा जितकी मानवते, तितकी थंड देशांची मानवत नाही. युरोपात हिवाळ्यात ऊन क्षीण होते, आणि त्याच वेळी हवाही गारठून हीट पंपाचे काम अवघड करते. दोघेही साथीदार एकदमच थकतात. आपल्याकडे मात्र पौष-माघात रात्र कितीही गार असली तरी दिवस निरभ्र असतो व सौर बंब आपले काम चोख करतो. पावसाळ्यात ऊन लपते, पण हवा उबदार व दमट असते. ती दमट हवा यंत्राच्या थंड नळ्यांना लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणि होताना तेही आपली उष्णता देऊन जाते. ज्या ढगाळ हवेने सौर बंब निकामी ठरविला, तीच हीट पंपाला अनुकूल आहे.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यात या विषयाचे मर्म आहे. माझ्या घरच्या सौर बंबाच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल बसविली होती. तिचे बटण मी वर्षभर चालूच ठेवले. सकाळच्या आंघोळी आटोपताच कॉइल टाकीतील गार पाणी पुन्हा तापवी. दहा वाजता ऊन गच्चीवर येई, तेव्हा त्याला तापवावयास गार पाणीच उरत नसे. विजेचे बिल काही उतरेना, आणि मी मात्र दोष सूर्याला देत राहिलो!

म्हणून माझी योजना अशी. टाकी हीच राहू द्यावी व तिच्यातील पाणी हीट पंपातून फिरवून आणण्याची सोय करावी. दिवसभर पहिला हक्क सूर्याचा. दुपारी चार वाजता, सूर्याची दिवसाची कमाई कळल्यावर, टाकीचे पाणी ५० अंशांच्या खाली असेल तरच पंप आपोआप सुरू व्हावा. त्या वेळी हवाही रात्रीपेक्षा उबदार असते, म्हणजे वीज कमी लागते. पूर्ण ढगाळ दिवशीही ३५ युनिटांऐवजी सुमारे १२ युनिटांत काम भागेल. आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांपर्यंत न्यावे, म्हणजे टाकीत रोगजंतू वाढणार नाहीत. यंत्र मोकळ्या हवेत, पण मुलांच्या खोल्यांपासून दूर ठेवावे, कारण पंख्याचा आवाज होतो. नळ्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्याला वाट द्यावी आणि टाकीतील क्षार दरवर्षी काढावेत.

नव्याने घर बांधणाऱ्यांना मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आजची सौरवीज-पटले उन्हाचा सुमारे पाचवा हिस्सा विजेत बदलतात. ती वीज हीट पंपाला दिली तर तिची तिप्पट उष्णता मिळते, आणि हा हिशेब सौर बंबाच्या तोडीस तोड उतरतो. ज्यांच्या गच्चीवर काहीच नाही त्यांनी त्याचाही विचार करावा. ज्यांचे सौर बंब धडधाकट आहेत, त्यांनी ते भंगारात घालू नयेत.

बंधुभगिनींनो, दहा वर्षांपूर्वी मी आपणांस उन्हाचा हिशेब सांगितला आणि पावसाचा सांगावयाचा विसरलो. तो आज पुरा केला आहे. उद्याच्या ठरावावर मत देताना आपल्या पूर्वजांनी पै पै जमवून उभारलेल्या त्या वसतिगृहातील मुलांचे आपण स्मरण ठेवावे. त्यांना श्रावणातही कढत पाणी मिळावे, आणि विजेवरचा खर्च वाचून तो शिष्यवृत्तीच्या निधीत पडावा, एवढीच माझी इच्छा आहे.