घरचे दप्तर आणि दोन डिस्कांची पेटी



व्याख्यानमालेत संत, इतिहास, शेती असे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या मानकऱ्यांच्या पंक्तीत आम्ही आज एक हातभर पेटी आणून बसवीत आहोत, याचे कित्येकांना नवल वाटेल. इंग्रजीत तिला नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज म्हणतात. दुकानदार नुसते ‘नॅस’ म्हणतो. आत एक लहानसा संगणक, त्यात एक, दोन किंवा चार हार्ड डिस्का, आणि घरातल्या इंटरनेटच्या राउटरला जोडलेली एक वायर, एवढाच तिचा संसार. घरातल्या सर्वांच्या फोनमधले फोटो आणि कागद वायफायवरून तिच्यात जाऊन बसतात. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी घरातल्या घरात तिचे काम चालते.

आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते हजेरीपट, पगारचिठ्ठ्या आणि लेबर कोर्टाचे निकाल वाचता वाचता झाले. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की कागद कोणाच्या कपाटात आहे?

मुंबईच्या गिरणी कामगारांचेच पाहा ना. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पाडल्या गेल्या, आणि त्या जमिनींवर टोलेजंग इमारती उठल्या. कामगारांना घरे द्यावयाचे ठरले तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असल्याचा पुरावा मागण्यात आला. म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली, म्हणजे मध्ये तीस वर्षे गेली. तोवर अनेक कामगार गावी परतले होते, अनेक वारले होते. ज्याच्या विधवेने तिकीट नंबरची पगारचिठ्ठी वा प्रॉव्हिडंट फंडाची पावती ट्रंकेच्या तळाशी जपली होती, तिला निदान दाराशी उभे राहता आले. पेन्शनचेही तसेच. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने वाढीव पेन्शनचा निकाल दिला, आणि पूर्ण पगारावर वर्गणी भरली होती याचे जुने पुरावे शोधण्यासाठी निवृत्त माणसे जुन्या मालकांच्या दारांत खेटे घालू लागली. मालकाच्या कपाटातला कागद मालकाच्या सोयीने सापडतो.

आता हे सगळे कागद फोनमध्ये आले आहेत. सातबारा फोनमध्ये, मुलीची गुणपत्रिका फोनमध्ये, लग्नाचे फोटो फोनमध्ये. आणि फोन रेल्वेत. चुडाव्याहून पूर्णेला नाही तर नांदेडला रोज जाणारी मंडळी येथे बसली आहेत. गर्दीत फोन गेला म्हणजे काय काय जाते, ते त्यांना आम्ही सांगावयास नको.

कोणी म्हणेल, गूगलकडे ठेवावे. ठेवावे, आमची हरकत नाही. पण ती भाड्याची खोली आहे हे ओळखून ठेवावे. गूगल फोटोजमध्ये एके काळी फोटो अमर्याद आणि फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ते बंद झाले, आणि तेव्हापासूनचे नवे फोटो पंधरा जीबीच्या फुकट हिश्श्यात मोजले जाऊ लागले. पुढे दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचा नियमही आला. घरमालकाने भाडे वाढविले तर भाडेकरू काय करणार?

तेव्हा स्वतःची पेटी घ्यावी, हे खरे. पण घेण्यापूर्वी हिशेब मांडावा. दुकानदार सोळा टीबीच्या गोष्टी सांगतो. स्कॅन केलेले एक पान साधारण एक एमबी धरा. दहा हजार पाने झाली तरी दहा जीबीच होतात, आणि दहा हजार पाने म्हणजे एका कुटुंबाच्या चार पिढ्यांचे दप्तर होय. जागा खातो तो व्हिडिओ. फोनवर काढलेला तासाभराचा व्हिडिओ चार ते आठ जीबी घेऊन बसतो. लग्ने आणि नातवंडे धरूनही चार टीबी बहुतेक घरांना पुरे. आणि एवढेही नसेल, घरात दोनच फोन असतील, तर पेटी घेऊच नये. दोन साध्या बाहेरच्या हार्ड डिस्का घ्याव्यात, दोन्हींवर एकच माल उतरवावा आणि एक बहिणीच्या घरी ठेवावी. हे ऐकून दुकानदार आमच्यावर रागावेल, रागावो बापडा. (जाता जाता मापाचेही सांगतो : चार टीबीची डिस्क संगणकावर ३.६ दिसते. ती फसवणूक नव्हे. कारखानदार हजाराने मोजतो, संगणक १०२४ ने मोजतो.)

पेटी घ्यावयाचीच तर दोन डिस्कांची घ्यावी. तिच्यात एका डिस्केवर लिहिलेले जसेच्या तसे दुसरीवर उमटते, म्हणून चार टीबीच्या दोन डिस्का घातल्या तरी जागा चारच टीबी मिळते. एक डिस्क बंद पडली तर दुसरीवर काम चालू राहते. या युक्तीला ‘रेड’ म्हणतात. १९८८ साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांच्या निबंधाने हे नाव रूढ केले. येथेच पुष्कळ लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. दोन डिस्का म्हणजे दोन प्रती नव्हेत. नातवाने चुकून फोटो पुसला, तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. चोराने पेटी नेली तर दोन्ही जातात. वीज पडली, आग लागली, तर दोन्ही एकदम. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा फायली जळाल्या. तो कागद होता, असे आपण म्हणू. पण २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी संगणककेंद्राला आग लागली, आणि सरकारी नोकरांच्या फायलींचा ८५८ टीबीचा साठा बाहेर प्रत नसल्यामुळे नष्ट झाला. एवढ्या पुढारलेल्या देशाची ही गत! पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम साधा आहे : प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घरची पेटी ही त्यांतली एक प्रत मानावी, तीन नव्हेत. मूळ कागदही फेकू नयेत. स्कॅन शोधावयास उपयोगी पडतो, पण अधिकारी अनेकदा अस्सल मागतो.

आता आपल्या भागापुरते बोलू. या पेट्यांच्या माहितीपत्रकावर भोवतालचे तापमान चाळीस अंशांपर्यंत असावे, असे बहुधा लिहिलेले असते. परभणी जिल्ह्याचा मे महिना त्या कंपन्यांनी पाहिलेला नसावा. पत्र्याच्या खोलीत, माळवदाखालच्या कोंदट फडताळात किंवा टीव्हीमागे पेटी ठेवू नये. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीपासून उंच, मागचा पंखा मोकळा राहील अशी ठेवावी आणि महिन्याला धूळ झाडावी. दोन डिस्कांची पेटी साधारण वीस वॅट घेते, म्हणजे महिन्याला चौदा-पंधरा युनिटे. विजेचा लपंडाव तर आपल्याला नवा नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्केवरचा मजकूर बिघडू शकतो. यासाठी यूपीएस हवाच, आणि तोही असा, की जो यूएसबीच्या वायरीने पेटीला ‘वीज गेली’ असे कळवील आणि पेटी आपोआप नीट बंद होईल. हा खर्च पेटीच्या किमतीत धरूनच बाहेर पडावे. बऱ्याच पेट्या तर रिकाम्याच विकतात. डिस्कांचे पैसे वेगळे.

डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची आहे, असे बिलावर लिहून घ्यावे. दुसरी एसएमआर पद्धत मजकूर कौलांसारखा एकावर एक चढवून लिहिते. ती स्वस्त पडते, पण बिघडलेल्या डिस्केच्या जागी नवी घालून भरताना फार रखडते. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीने याच कामासाठी विकलेल्या काही डिस्कांत ही पद्धत न सांगता वापरल्याचे उघड झाले आणि बराच गदारोळ झाला. सिनॉलॉजी कंपनीने २०२५ साली आपल्या काही नव्या पेट्यांत आपल्याच पसंतीच्या डिस्का चालतील असे बंधन घातले, आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी ते सैल केले. ग्राहक एकजुटीने बोलले की कंपनीही ऐकते, याचा आम्हांस धंद्यामुळे थोडा जास्तच आनंद झाला, हे कबूल.

परगावाहून पेटी उघडता यावी म्हणून राउटरमध्ये दार उघडून देण्याची हौस मात्र करू नये. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या टोळीने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटला उघड्या असलेल्या पेट्यांतला मजकूर कुलुपबंद केला आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. त्याआधी जून २०२१ मध्ये ‘माय बुक लाइव्ह’ नावाच्या जुन्या पेट्या दूरवरून कोणीतरी साफ पुसून टाकल्या; त्यांची डागडुजी कंपनीने २०१५ पासून थांबविली होती. म्हणून सुधारणा किती वर्षे मिळतील, हे रंगरूपाआधी विचारावे.

राहिला पासवर्डचा प्रश्न. पेटी बहुधा पुण्याला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला येऊन बसवून देतो आणि पासवर्ड डोक्यात घेऊन परत जातो. मग कागद कोणाच्या कपाटात राहिला? पासवर्ड वहीत लिहून ती वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी, आणि घरातल्या आईला किंवा मुलीला पेटी उघडून एक कागद काढून दाखवावयास सांगावे. तीन महिन्यांनी पुन्हा सांगावे, या वेळी बहिणीच्या घरच्या डिस्केवरून. तो कागद तेथून निघाला नाही, तर ती प्रत नाहीच असे समजून त्याच दिवशी नवी करावी.