पहिल्या पाळीचा माणूस

(एका औद्योगिक वसाहतीतील उद्योजक, पर्यवेक्षक व कामगार यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



व्यसनमुक्तीवरील भाषण म्हटले की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर एक सोशिक भाव उमटतो. दारू वाईट असते, एवढे ऐकण्यासाठी आपण आपला रविवार खर्ची घातलेला नाही. कारखान्याच्या फाटकाच्या आत काय घडते आणि तेथे आपल्या हाती काय आहे, तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

कामावर पिऊन येऊ नये, हा नियम सर्वांनाच मान्य असतो. परंतु रात्रीची दारू सकाळी उतरलेली असते, या समजुतीचे गणित एकदा मांडून पाहा. शरीर मद्याचा निचरा आपल्या गतीने करते. साधारणतः १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी १५ मिलिग्रॅम. रात्री बारा वाजता हे प्रमाण १५० असेल, तर सकाळी सातला पहिल्या पाळीचा भोंगा होतो तेव्हा ते ४५ उरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा ३० आहे. म्हणजे जो गृहस्थ त्या क्षणी दुचाकी चालविल्यास अपराधी ठरेल, त्याच्या हाती आपण पॉवर प्रेस सोपवितो! थंड पाण्याचे स्नान, लिंबूपाणी, काळी कॉफी यांनी तरतरी आल्यासारखी वाटते. रक्तातले प्रमाण मात्र घड्याळाच्याच गतीने उतरते. रेल्वेच्या इंजिनचालकाला कामावर रुजू होताना श्वासचाचणी द्यावी लागते, ती याचसाठी.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपण भले लोक आहोत आणि नेमकी तीच अडचण आहे. मित्र त्याचे कार्ड पंच करतो. पर्यवेक्षक त्याला यंत्रावरून उठवून पॅकिंगला बसवितो. मालक मुलांच्या फीच्या नावाखाली मागितलेली उचल देतो. संघटनेचा प्रतिनिधी मेमो मागे घ्यायला लावतो. हे सारे त्याच्या बायकामुलांकडे पाहून! बातमीच्या निमित्ताने अशा एका घरी मी गेलो होतो. जेमतेम तिशीचा तरुण, उजव्या हाताची तीन बोटे गेलेली. त्याचे सहकारी पुन्हा पुन्हा सांगत होते, "आम्ही त्याला सांभाळून घेत होतो." ते खरे बोलत होते. दोन वर्षे सर्वांनी त्याला सांभाळून घेतले होते, आणि त्या दोन वर्षांत एकानेही त्याला समोर बसवून विचारले नव्हते.

मग एके दिवशी सर्वांचीच सहनशक्ती संपते आणि त्याला तडकाफडकी काढले जाते. झाकपाक आणि हकालपट्टी यांच्यामध्ये एक पायरी आहे, ती आपल्या कारखान्यांत बांधलेलीच नाही. घरी पत्नीचे शब्द कधीच बोथट झालेले असतात. डॉक्टरांशी गाठ पडते ती यकृत बिघडल्यावर. नोकरी टिकावी ही इच्छा मात्र त्याला पुष्कळ काळ असते. म्हणून त्याला उपचाराकडे वळविण्याची शक्ती कामाच्या जागी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आचारसंहितेतही हा प्रश्न आरोग्याचा मानून हाताळावा, असे सांगितले आहे. त्याचा अर्थ शिस्त सैल करावी, असा नव्हे.

त्याच्याशी बोलावे ते सकाळी, तो शुद्धीत असताना, बंद दाराआड, नोंदी समोर ठेवून. सोमवारच्या गैरहजेऱ्या, नाकारला गेलेला माल. 'दारुडा' हा शब्द न उच्चारता. उपचार घेतलास तर नोकरी राखून ठेवू, नाही तर नियमाप्रमाणे कारवाई होईल, हे लेखी द्यावे. एक इशारा मात्र देतो. 'उद्यापासून बंद' असे फर्मान काढू नका. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडले, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्राणावरही बेतू शकते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या सभांना तर शुल्कही नसते. गांजा, गुंगीच्या गोळ्या, खोकल्याची औषधे यांची नशा मद्य मोजणाऱ्या श्वासाच्या यंत्रात दिसत नाही, म्हणून त्या यंत्रावर विसंबून चालणार नाही. तेथे माणसाकडेच पाहावे लागते. आणि यंत्र आणलेच, तर त्यात पहिली फुंकर मालकाची असावी.

खंडेनवमीला आपण यंत्राला झेंडूची माळ घालतो, हळद-कुंकू वाहतो. काही ठिकाणी त्याच संध्याकाळी मालकाच्या खर्चाने 'ओली' पार्टी होते. ती यंदापासून जेवणाची करावी. श्रीखंड-पुरीवर कोणी रुसल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

उपचार घेऊन परतलेल्याला काही महिने रात्रपाळी देऊ नये. त्याच्या संमतीने पगार पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात जावा. सुरुवातीच्या काळात पाय घसरणे सर्रास घडते; तसे झाले तर पुढे काय करायचे, हे आधीच कागदावर असावे. आपापल्या कारखान्यात हा कागद कोणी लिहायचा, ते आज येथून उठण्यापूर्वी ठरवावे, अशी माझी विनंती आहे.