बाळाला बाधतं, उपाशी कोण?

तान्ह्याला पुरळ उठलं की पहिला प्रश्न आईलाच: "तू काय खाल्लंस?" मग तिचं दूध, डाळ, अंडं बंद. वर्ष उलटतं, पण ते पुन्हा सुरू करा असं कुणी म्हणत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला पथ्य क्वचितच लागतं. लागलंच तर २ ते ४ आठवडे करून बघायचं. फरक नाही, तर तिनं पूर्ववत जेवायचं.

गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वयापर्यंत जाते, अंड्याचीही बहुधा. शेंगदाण्याची मात्र पाचातल्या साधारण एकाचीच. म्हणून डॉक्टरांना तिथंच विचारा: हे किती दिवस? पुन्हा तपासायचं केव्हा? पूर्वी ओठ सुजले, धाप लागली असेल, तर घरी चाखवून बघू नका, दवाखान्यातच. आणि सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टरांचं घरात चालतं, आपलं नाही!