रुळांची एएमसी कुणाकडे?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



तुमच्यातले बरेच जण हा पॉडकास्ट प्रवासात ऐकता, हे मला तुमच्या मेसेजवरून कळतं. कुणी चाकणच्या कंपनी बसमध्ये, कुणी आकुर्डीहून शिवाजीनगरला जाणाऱ्या लोकलमध्ये, कुणी पीसीएमसी स्टेशनवरून मेट्रोत बसून. तर आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुम्ही आत्ता रुळावर असाल, तर तुमच्या पायाखालचा तो रूळ शेवटचा कुणी बघितला? आणि कधी?

घाबरवायचं नाहीये. मी स्वतः लोकलने जाते, मेट्रोनेही जाते, पुढेही जाणार आहे. पण गाडी नवीन आहे का, एसी चालू आहे का, तिकीट किती, ॲप चालतं का, हे सगळं आपण विचारतो. रूळ कोण सांभाळतं, हे मात्र कुणी विचारत नाही. आज तेच विचारू.

आपल्या भागात रुळाचे तीन मालक आहेत. पहिली आपली जुनी लोकल, पुणे–लोणावळा. ११ मार्च १९७८ ला सुरू झाली. कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड. ही मध्य रेल्वेची, म्हणजे सरकारी. दुसरी मेट्रो. ६ मार्च २०२२ ला पीसीएमसी ते फुगेवाडी सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये सिव्हिल कोर्टापर्यंत गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत. ही महामेट्रोची, केंद्र आणि राज्य सरकारची मिळून कंपनी. आणि तिसरी माण–हिंजवडी ते शिवाजीनगर. तेवीस किलोमीटर, तेवीस स्टेशनं. ही पीएमआरडीएची, पण पीपीपीवर. टाटा आणि सीमेन्स यांच्या गटाने यासाठी वेगळी कंपनी काढली आहे. बांधायचं त्यांनी, चालवायचं त्यांनी, सांभाळायचंही त्यांनीच. करार ३५ वर्षांचा. म्हणजे आज जो विशीत आहे त्याचं अर्धं आयुष्य.

आता रूळ सांभाळणं म्हणजे काय, हे आधी दोन मिनिटांत सांगते. कारण बऱ्याच जणांना वाटतं, लोखंडच आहे, एकदा टाकलं की झालं.

तसं नसतं. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर टेकतं ती जागा साधारण एका नाण्याएवढी. एवढ्याशा जागेवर टनावारी वजन. एक चाक गेलं, दुसरं गेलं, दिवसात हजारो चाकं गेली की रुळाच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा पडतात, वळणावर तर जास्तच. त्या वेळेत घासून काढल्या तर ठीक. नाही काढल्या तर चीर आत उतरते आणि वरून काही दिसत नाही. म्हणून अल्ट्रासोनिक यंत्र फिरवतात. आपण सोनोग्राफी करतो ना, तसंच. शिवाय थंडीत रूळ आकसतो, तेव्हा तडकायची भीती. उन्हाळ्यात फुगतो, तेव्हा वाकायची भीती. लोकलच्या लाइनवर तुम्ही कधी पहाटे हातात हातोडा आणि पाना घेऊन एकटा चालणारा माणूस बघितलाय? तो कीमन. त्याच्या वाट्याची पाच-सहा किलोमीटरची पट्टी तो रोज पायी बघतो. निघालेली क्लिप ठोकतो, सैल बोल्ट आवळतो. त्याला आपली पट्टी पाठ असते. कुठे पाणी साचतं, कुठे खडी सरकते, कुठला जोड वाजतो.

हे "पाठ असणं" लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

आता थोडं माझं. डिप्लोमा झाल्यावर मी चाकणला एका कंपनीत ट्रेनी होते. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. आमच्या लाइनवर एक फिटर काका होते. मशीनच्या आवाजावरून सांगायचे, "हिचं बेअरिंग जाणार, चार दिवसांत बघ." आणि जायचं! पुढे मेंटेनन्सचं काम बाहेर दिलं. एएमसी. चाकणमध्ये एएमसी म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. काका दुसऱ्या प्लांटला गेले आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची मुलं आली. मुलं वाईट नव्हती बरं का. पण त्यांना एका शिफ्टमध्ये इतक्या मशीन "पूर्ण" करायच्या होत्या, की चेकलिस्ट आधी भरली जायची आणि मशीन नंतर बघितलं जायचं. कधी कधी बघितलंही जायचं नाही.

एके दिवशी होइस्टची साखळी तुटली. खाली उभ्या असलेल्या पोराच्या पायावर माल पडला. तो वाचला, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. चौकशीत काय निघालं असेल? साखळी झिजली आहे हे ठेकेदाराच्या माणसाने लिहून दिलं होतं. नवी साखळी मागवली होती. ती आलीही होती, स्टोअरमध्ये पडून होती! बदलायची कुणी, यावर मेल चालू होते. कंपनी म्हणाली, एएमसी तुमची. ठेकेदार म्हणाला, मशीन बंद करायची परवानगी तुम्ही दिली नाही. आणि दोघांच्याही कागदावर टिकमार्क होते.

पुढे काही वर्षांनी मी हॅटफिल्डबद्दल वाचलं आणि मला आमची ती साखळीच आठवली.

हॅटफिल्ड हे इंग्लंडमधलं गाव. १७ ऑक्टोबर २००० ला लंडनहून निघालेली एक्सप्रेस तिथे घसरली. चार माणसं गेली, सत्तरहून जास्त जखमी झाली. कारण? वळणावरचा रूळ गाडीखाली तुटला, शेकडो तुकडे झाले. ब्रिटनमध्ये तोवर रेल्वेचं खाजगीकरण झालं होतं. रूळ रेलट्रॅक नावाच्या कंपनीचे आणि देखभाल ठेकेदारांकडे. त्या रुळाला चिरा आहेत हे आधीच माहीत होतं. बदलायचे नवे रूळ कित्येक महिने आधी आणून लाइनीच्या कडेला ठेवले होते. तिथेच पडून होते.

पण खरी गोष्ट अपघातानंतरची आहे. असे चिरा पडलेले रूळ देशात आणखी कुठे कुठे आहेत, असं विचारल्यावर रेलट्रॅककडे नीट उत्तरच नव्हतं. मालक तेच, पण आपल्या मालाची अवस्था त्यांना माहीत नव्हती. मग भीतीपोटी देशभर हजारच्या वर ठिकाणी गाड्यांचा वेग कमी करावा लागला आणि महिनोन्‌महिने वेळापत्रकाचा बोजवारा उडाला. २००२ मध्ये पॉटर्स बारला पुन्हा गाडी घसरली, सात जण गेले. तिथे सांधे बदलण्याच्या यंत्रणेची देखभाल नीट नव्हती, आणि ती देखभालही ठेकेदाराकडेच होती. त्याच वर्षी रेलट्रॅकची जागा नेटवर्क रेल या नव्या कंपनीने घेतली आणि २००३ मध्ये त्यांनी ठरवलं, रुळांची देखभाल आता आपल्याच माणसांकडे.

लंडनच्या भुयारी रेल्वेत नेमकं त्याच सुमाराला उलटं चाललं होतं. तिथे रुळांची देखभाल खाजगी कंपन्यांकडे दिली गेली आणि ऑक्टोबर २००३ मध्ये तीन दिवसांत दोन गाड्या घसरल्या, हॅमरस्मिथला आणि कॅमडेन टाउनला. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. पण लोकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुढे २००७ मध्ये त्यातली एक कंपनी बुडाली, दुसरी २०१० मध्ये सरकारी यंत्रणेने विकत घेतली.

आता थांबा. इथे तुम्ही म्हणाल, "कळलं, खाजगी वाईट, सरकारी चांगलं." इतकं सोपं असतं तर मी हा भाग केलाच नसता.

आपल्याच देशात कॅगने २०२२ मध्ये रेल्वे घसरण्यावर अहवाल दिला. २०१७ ते २०२१ या काळातल्या घसरण्याच्या हजारावर चौकशी अहवालांची छाननी केली. इंजिनीअरिंग विभागाकडे बोट दाखवणाऱ्या प्रकरणांत सगळ्यात मोठं कारण काय निघालं? रुळांची देखभाल. हे रूळ सरकारीच होते. रूळ तपासणाऱ्या गाड्या जितक्या वेळा फिरायला हव्या होत्या, तितक्या फिरल्या नव्हत्या.

मुंब्र्याचंही आठवत असेल. ९ जून २०२५, मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारात लटकणारी माणसं खाली पडली. जीव गेले. नोव्हेंबरमध्ये रेल्वे पोलिसांनी रुळाच्या देखभालीवर बोट ठेवून रेल्वेच्याच इंजिनीअरांवर गुन्हा दाखल केला. त्याविरुद्ध ६ नोव्हेंबरला सीएसएमटीला कर्मचाऱ्यांचं आंदोलन झालं आणि ऐन संध्याकाळी लोकल थांबल्या. रुळावर उतरून चालणाऱ्या प्रवाशांना सँडहर्स्ट रोडजवळ लोकलने उडवलं. पुन्हा जीव गेले. चूक कुणाची हे कोर्ट ठरवेल. मला त्यात एवढंच दिसतं, की देखभालीचा हिशोब आपल्याकडे माणसं गेल्यावर मागितला जातो.

आणि एक उदाहरण दिल्लीचं, कारण ते आपल्या हिंजवडी लाइनच्या सगळ्यात जवळचं आहे. दिल्लीची एअरपोर्ट मेट्रो २०११ मध्ये पीपीपीवर सुरू झाली. खांब आणि गर्डर सरकारी डीएमआरसीने बांधले, रूळ, यंत्रणा आणि चालवणं खाजगी कंपनीकडे. जुलै २०१२ मध्ये गर्डरखालच्या बेअरिंगमध्ये दोष निघाले आणि लाइन बंद. सहा महिने बंद! २०१३ मध्ये कंपनी बाहेर पडली, डीएमआरसीने लाइन ताब्यात घेतली. दोष कुणाचा हा वाद लवादात आणि कोर्टात फिरत फिरत एप्रिल २०२४ पर्यंत सुप्रीम कोर्टात होता. माणसं दगावली नाहीत, कारण गाडी वेळेत थांबवली, आणि ती चांगलीच गोष्ट. पण बघा, दुरुस्ती सहा महिन्यांत झाली आणि "जबाबदारी कुणाची" याला दहा वर्षांवर लागली.

हिंजवडी लाइनची रचना थोडी वेगळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथे बांधणारी आणि चालवणारी कंपनी एकच. त्यामुळे "बांधलं त्यांनी, आम्हाला काय माहीत" असं म्हणायला जागा कमी. लाइन सुरू होण्याआधी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते. हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, म्हणजे रेल्वे चालवणाऱ्यांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले. ही चांगली व्यवस्था आहे.

पण पहिल्या दिवशी सगळंच चांगलं असतं. नवी मशीन पण पहिली पाच वर्षं आवाज करत नाही. प्रश्न पंधराव्या वर्षाचा आहे. करार अजून वीस वर्षांचा बाकी, तिकिटातून अपेक्षेइतके पैसे येत नाहीत, आणि रूळ घासायचं यंत्र या वर्षी आणायचं की पुढच्या, यावर मीटिंग चालू आहे. त्या दिवशी पीएमआरडीएमध्ये असा कुणी माणूस असेल का, ज्याला त्या रुळाची अवस्था ठेकेदाराच्या चेकलिस्टशिवाय माहीत असेल?

माझं म्हणणं एवढंच आहे. काम बाहेर देता येतं. जबाबदारी बाहेर देता येत नाही, आणि माहिती तर अजिबातच देऊ नये. ज्या दिवशी मालकाला आपला रूळ पाठ नसतो, त्या दिवशी तो सरकारी आहे की खाजगी, याने काही फरक पडत नाही.

मग आपण काय करायचं? आपण काही हातोडा घेऊन खांबावर चढणार नाही. पण माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पीएमआरडीएला आणि महामेट्रोलाही विचारता येईल. सरकारी संस्थेला कायद्याने खाजगी कंपनीकडून जी माहिती घेता येते, तीही तिच्याकडे मागता येते. मी पाच प्रश्न काढलेत, लिहून घ्या.

एक, रुळांची अल्ट्रासोनिक तपासणी किती दिवसांनी होते आणि शेवटची कधी झाली?
दोन, गेल्या वर्षी किती दोष सापडले आणि ते दुरुस्त व्हायला किती दिवस लागले?
तीन, तपासणी करणारा आणि "ठीक आहे" म्हणून सही करणारा, हे दोन वेगळे लोक आहेत का?
चार, देखभालीच्या ठेकेदाराला पैसे कशावर मिळतात? कामाच्या संख्येवर, की रुळाच्या अवस्थेवर?
पाच, दोष सापडला तर गाडी थांबवायचा किंवा वेग कमी करायचा अधिकार कुणाला, आणि त्याबद्दल त्याला दंड बसतो का?

हा पाचवा सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या कंपनीत मशीन बंद करण्याची हिंमत कुणाकडेच नव्हती, म्हणून ती साखळी स्टोअरमध्ये पडून राहिली.

आणखी एक छोटी गोष्ट. रोज त्याच डब्यातून जाताना एखाद्या ठिकाणी नवीन दणका जाणवला, नवीन आवाज आला, तर तो लक्षात ठेवा. लोकलमध्ये असाल तर १३९ वर कळवा. मेट्रोत असाल तर दोन स्टेशनांची नावं आणि वेळ स्टेशनवर सांगा. दहापैकी नऊ वेळा काही नसेल. चालेल की. त्या फिटर काकांनाही दर वेळी बेअरिंगच सापडायचं असं नाही. पण ते ऐकायचे.

अर्जाची उत्तरं आली की मी इथेच वाचून दाखवीन. उत्तर आलं नाही, तर तेही सांगेन. तुमच्यापैकी कुणी रेल्वेत किंवा मेट्रोत रुळावर काम करत असेल, स्वतः किंवा घरातलं कुणी, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही. रात्री गाड्या थांबल्यावर जे रुळावर उतरतात, त्यांना एकदा आपण ऐकायचंय.

आज एवढंच. नीट जा, दारात लटकू नका. भेटू पुढच्या भागात.