गोणीतले खत आणि घरचे खत : भाजीच्या वाफ्याचा हिशेब
(सीबीडी बेलापूर येथील बैठकीतील भाषण. जिल्हा मेळाव्यांत वाचण्यासाठी.)



आज आपण ज्या बेलापुरात बसलो आहोत, तिथे एकेकाळी भातखाचरे आणि मिठागरे होती. 1970 साली सिडको आली, 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या जमिनीवरचे हे शहर आज तुमची-आमची भाजी खाते. तुर्भ्याच्या बाजारात राज्यभरातून गाड्या येतात. भाजीबरोबर आपल्या रानाचा कसही इथे येतो आणि कचऱ्यात जातो. त्याच कचऱ्याचे कंपोस्ट मग गोणीत भरून आपल्यालाच विकायला येते. ते घ्यावे का?

कापूस-ज्वारीचे रान तूर्त बाजूला ठेवू. विहिरीजवळच्या पाच-दहा गुंठ्यांत वांगी, मिरची, टोमॅटो होतो, त्याचा विचार करू.

आधी नत्राचा हिशेब. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, गांडूळखतात एक ते दीड, निंबोळी पेंडीत पाचच्या आसपास. म्हणजे 25 किलो नत्रासाठी शेणखत 5 टन, गांडूळखत दोन-अडीच टन, पेंड 500 किलो. आपल्या गावचा भाव आणि गाडीभाडे यापुढे मांडा, कोणते खत महाग ते घरी बसून कळेल.

पण नुसते नत्र पाहून भागत नाही. कोरडवाहू माणसाला पाण्याची ओल धरणारे खत हवे. ते काम कुजलेले शेणखत करते. गुंठ्याला 200 किलो द्यावे. पेंडीने जमीन भुसभुशीत होत नाही, मात्र वांगी-टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना ती आवर घालते. गुंठ्याला दोन-अडीच किलो पुरे. गांडूळखत रोपवाटिकेला आणि रोप लावताना आळ्यात द्यावे, सगळ्या रानात विस्कटण्याइतके ते स्वस्त नाही.

कच्चे शेण मात्र घालू नका. त्यातून हुमणी आणि तणाचे बी येते. पऱ्हाटी, धसकटे न कुजवता गाडली, तर ती कुजताना जमिनीतले नत्र ओढतात आणि रोपे पिवळी पडतात.

आता शहराचे कंपोस्ट. 2006 साली खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खतांची मानके आली. शिसे, कॅडमियम, पारा यांच्या मर्यादा त्यात आहेत. ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा नियम 2016 साली आला. तेव्हा विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागा. गोणी उघडून चाळा. काच, प्लास्टिक निघाले तर परत करा. घाण वास आला तर खत कच्चे आहे. एका कुंडीत निम्मे खत, निम्मी माती घालून मूग पेरा, शेजारी नुसत्या मातीत पेरा. आठवड्यात फरक दिसेल. या कसोट्यांना उतरले आणि भाडे परवडले, तर जरूर वापरा. पण जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून दाखल्यावाचून घेऊ नका.

आणि घरचा कारखाना विसरू नका. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धत दिली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भोके ठेवलेले विटांचे टाके. त्यात दीड टनाच्या आत-बाहेर काडीकचरा आणि जेमतेम 100 किलो शेण, वर माती आणि पाणी. तीन-चार महिन्यांत खत तयार. बैल विकून बसलेल्यालाही एवढे शेण मिळते. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून त्यात घातले, तर बांधावर रचलेल्या पऱ्हाटीतली गुलाबी बोंडअळीही आटोक्यात येते.

गावात परत गेल्यावर निदान दहा घरांनी यंदा एकेक टाके भरावे. पुढच्या मेळाव्याला प्रत्येकाने आपल्या खर्चाचा कागद बरोबर आणावा, म्हणजे बोलणे आकड्यांनी होईल.