नाटक कसं झालं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात, मुलांच्या नाटकाआधी केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. बँकेत ३६ वर्षं काढलेला माणूस आहे, वेळ पाळतो.

बँकेत मी लोकांच्या सह्या तपासल्या, बाहेर नटांच्या सह्या गोळा केल्या. आमच्या तरुणपणी नाटकाचं वेड म्हणजे वेडच! 'अश्रूंची झाली फुले'मध्ये डॉ. काशिनाथ घाणेकरांचा लाल्या आला की थिएटर शिट्ट्यांनी दणाणायचं. 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर पाच वेगवेगळ्या रूपांत यायचे. १९७० साली 'नटसम्राट' आलं. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, घाणेकर दाताचे डॉक्टर, हे आम्ही घरच्या माणसांबद्दल सांगावं तसं सांगायचो. मध्यंतरात शिवाजी मंदिरचा बटाटेवडा, आणि पडदा पडला की सही घ्यायला मेकअप रूमकडे धाव.

१९७६ सालची गोष्ट. लग्नाला वर्ष झालं होतं. आमच्या हिला घेऊन मी एका मोठ्या नटाला भेटायला आत गेलो. नाव सांगत नाही, तुम्ही ओळखाल. ते बनियनवर बसून खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग पुसत होते. मी वही पुढे केली. त्यांनी विचारलं, "कुठे बसला होतात?" म्हटलं, "बाल्कनीत, शेवटच्या रांगेत." "मग शेवटची वाक्यं नीट ऐकू आली?"

खरं म्हणजे आली नव्हती. तिथे ते फार हळू बोलले होते आणि वर पंखे घरघरत होते. पण एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? मी म्हटलं, "अप्रतिम! शब्द न् शब्द!"

ही मागून हळूच म्हणाली, "मला नाही ऐकू आलं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ते पुसायचे थांबले. "बसा वहिनी," म्हणाले आणि तिला विचारत राहिले. कोणतं वाक्य? मी पाठमोरा होतो तेव्हा? की खुर्चीत बसल्यावर? दहा मिनिटं बोलले. माझ्या वहीवर सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दोन महिन्यांनी आम्ही तोच प्रयोग त्याच रांगेतून पाहिला. आवाज तितकाच हळू, पण शब्द न् शब्द ऐकू आला. हिने माझ्याकडे फक्त बघितलं.

ही जाऊन आता सहा वर्षं झाली. आपल्या गणपतीतल्या प्रत्येक नाटकानंतर मुलं मला विचारतात, "आजोबा, कसं झालं?" आणि मी दरवर्षी "झकास!" म्हणतो. गेल्या वर्षी बी विंगमधली एक चिमुरडी म्हणाली, "आजोबा, तुम्ही सगळ्यांनाच झकास म्हणता." मला त्या मेकअप रूमची आठवण झाली.

तेव्हा मंडळी, आज नाटक संपल्यावर फोटो काढून लगेच जेवणाच्या रांगेत पळू नका. जरा आत जा. काय आवडलं ते मुलांना सांगा आणि काय ऐकू आलं नाही, तेही प्रेमाने सांगा. मी आज मुद्दाम शेवटच्या रांगेत बसणार आहे.

बाळांनो, मोठ्याने बोला.