नाचाच्या जुन्या कपड्यांचा वास



आज मी तुमच्याशी एका साध्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे. या गोष्टीला सगळे नाक मुरडतात, पण तिच्याबद्दल बोलत कोणी नाही. ती गोष्ट म्हणजे नाचाच्या जुन्या कपड्यांना येणारा वास.

आपल्या विदर्भात दंडार आहे, खडी गंमत आहे. पुरुषच लुगडे नेसून बाईचे सोंग घेतात आणि रात्र रात्र नाचतात. गावोगावी लेझीम आहे. तान्ह्या पोळ्याला लहान मुले नटूनथटून लाकडी बैल घेऊन निघतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रसिद्धच आहे. शाळेच्या संमेलनात मुली नाच करतात. या सगळ्यांना पोशाख लागतो. नवा पोशाख घ्यायचा म्हटले, तर तेवढे पैसे गावच्या मंडळाजवळ कुठले? मग जुना घेतात. कोणी बंद पडलेल्या मंडळाची पेटी घेतो. कोणी शहरातल्या जुन्या बाजारातून आणतो. त्यात कमीपणा काही नाही. जुनी वस्तू नीट करून वापरणे हे शहाणपणाचेच काम आहे.

पण पेटी उघडली की लोक म्हणतात, "कपडे तं सस्तात भेटले बाप्पा, पण वास काही जाऊन नाही राह्यला!" मग कोणी त्यावर अत्तर शिंपडतो. कोणी उदबत्तीचा धूर देतो. तासभर बरे वाटते. नाचणाऱ्याला घाम सुटला, की अत्तर आणि घाम मिळून आणखी वाईट वास सुटतो. घरात उंदीर मेला आणि दारात फुले ठेवली, तर घाणीचा वास जाईल काय? आधी उंदीर बाहेर टाकला पाहिजे.

तेव्हा हा वास येतो कुठून, ते आधी समजून घेऊ.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. आपल्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते राजाच्याही अंगावर असतात आणि मजुराच्याही अंगावर असतात. बगलेतला घाम हे त्यांचे खाणे. ते घाम खातात, वाढतात, आणि त्यातून वास सुटतो. हे जंतू आणि अंगाचा तेलकटपणा कपड्यात मुरतो. कपडा वाळला की वास झोपी जातो. पुन्हा ओल आणि ऊब मिळाली की जागा होतो. म्हणून दुकानात चांगला वाटलेला झगा नाचताना घाण मारतो. विकत घेतानाच एक परीक्षा करा. कपड्याच्या बगलेवर तोंडाची गरम वाफ सोडा आणि मग हुंगा. खरे काय ते तेव्हाच कळेल.

दुसरा वास कुबट असतो. तो बुरशीचा. कपडा ओलसर ठेवला आणि पेटी बंद केली, की बुरशी धरते. पावसाळ्यात हे फार होते. तिसरा वास विडीचा, धुराचा आणि तोंडाला लावायच्या रंगाचा असतो. तो बहुधा गळ्याजवळ आणि बाह्यांना असतो.

कापडाकापडातही फरक आहे. सुती कापड घाम पिते, पण धुतले की सोडतेही. पॉलिस्टरच्या चमकदार साटीनमध्ये घामाचा वास धरून बसतो. आजकाल नाचाचे बहुतेक कपडे याच कापडाचे असतात. म्हणून त्यांना जास्त जपावे लागते.

आता वास घालवायचा कसा, ते ऐका.

पेटी घरात उघडू नका, अंगणात उघडा. सगळे कपडे उलटे करा, म्हणजे आतली बाजू वर येऊ द्या. झटका. शिवणी नीट पाहा, त्यात उवा-लिखा असू शकतात. मग कपडे सकाळच्या उन्हात घाला. आपल्या वर्ध्याचे ऊन तर ठाऊकच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. एरवी आपण त्या उन्हाला नावे ठेवतो. पण हेच ऊन ओल काढते, जंतू मारते आणि त्याला पैसा पडत नाही. रंगीत कपडा मात्र तासाभराने सावलीत, वाऱ्यावर घ्या. नाहीतर रंग उडेल.

मग कपड्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग सुती कपड्यांचा. धोतर, फेटा, सुती लुगडे. आधी रंगाची परीक्षा घ्या. पांढरी चिंधी ओली करून कपड्याच्या कोपऱ्यावर घासा. चिंधीला रंग लागला, तर तो कपडा वेगळा आणि थंड पाण्यात धुवा. रंग पक्का असेल, तर बादलीभर गरम पाण्यात साबण आणि दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवा. मग चोळून धुवा आणि दोन पाण्यांतून काढा.

दुसरा ढीग रेशमी आणि जरीच्या कपड्यांचा. यांना सोडा लावू नका. सोड्याने रेशीम खराब होते. यांना रिठा चांगला. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा. टरफले रात्री तांब्याभर पाण्यात भिजत घाला. सकाळी उकळा, कुस्करा, गाळा आणि थंड होऊ द्या. ते पाणी अर्ध्या बादलीत मिसळून त्यात कपडा हलकेच खालीवर करा. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा.

साटीनचे आणि पॉलिस्टरचे कपडे याच दिवशी निराळे धुवा. अर्धी बादली कोमट पाणी घ्या. त्यात अर्धी वाटी पांढरा शिरका टाका. किराणा दुकानात त्याला व्हिनेगर म्हणतात. बगलेची बाजू त्यात अर्धा तास भिजवा. मग साध्या साबणाने धुवा. वास राहिलाच, तर हेच पुन्हा करा. जुना वास एका धुण्यात जाईलच असे नाही. शिरका जरीला मात्र लावू नका, जरी काळी पडते.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतो. ती नीट ध्यानात ठेवा. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर आणि शिरका कधीही एकत्र करू नका. लिंबूही नको. त्यातून विषारी वायू निघतो. छाती कोंडते, जीवही जाऊ शकतो.

तिसरा ढीग न धुता येणाऱ्या कपड्यांचा. मखमली जाकीट, टिकल्या डकवलेली चोळी, टोप. दूर देशांतले नाटकवाले अशा कपड्यांच्या आतून पाणी मिसळलेली दारू फवारतात. ती उडून जाताना वास घेऊन जाते. पण आपला जिल्हा पडला दारूबंदीचा! आपण शिरक्यावर भागवू. एक भाग शिरका, तीन भाग पाणी. त्यात फडके बुडवून घट्ट पिळा आणि कपड्याचे नुसते अस्तर पुसा. जरीला लागू देऊ नका. मग दोन दिवस वाऱ्यावर टांगा. तरी वास राहिला, तर अस्तर उसवा आणि नवे सुती अस्तर लावा. टोप विंचरून, आतून पुसून, वाळवून घ्या. मग पिशवीत घट्ट बांधून पंधरा दिवस ठेवा. तेवढ्या दिवसांत उवा-लिखा मरतात. घुंगरांच्या पट्ट्या विसरू नका. पायाचा घाम त्यांतच मुरतो. पट्टी कापडी असेल तर घुंगरू सोडवून धुवा. चामड्याची असेल तर पुसा आणि सावलीत वाळवा.

आता तुम्ही म्हणाल, वासाचे एवढे काय घेऊन बसलात? पण गोष्ट नुसत्या वासाची नाही. न धुतलेल्या कपड्यातून नायटा एकाचा दुसऱ्याला लागतो. खरजेचा किडाही कधी कधी कपड्यातून येतो. नाचणाऱ्या पोराला खाज सुटली, म्हणजे तो पुढच्या वर्षी नाचायला येत नाही. नायटा झालाच, तर दुकानातून मिळेल ते मलम लावू नका. काही मलमांनी आधी बरे वाटते आणि मग नायटा जास्त पसरतो. सरकारी दवाखान्यात दाखवा.

आणखी एक गोष्ट आहे. ती मनाला लागणारी आहे, पण सांगितली पाहिजे. कपडे दुसऱ्या मोहल्ल्यातून आले असले, तर कोणी तोंड वाकडे करून म्हणतो, "आमाले नाही पायजे, त्याइच्या अंगाचा वास येते." हे बोलणे खोटे आहे. वास माणसाच्या जातीचा नसतो. वास जंतूंचा असतो आणि बंद पेटीचा असतो. तुमचे स्वतःचे धोतर ओले गुंडाळून आठ दिवस पेटीत ठेवा. मग हुंगून पाहा, कोणत्या जातीचा वास येतो ते! वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. ज्या जिल्ह्यात देवाचे दार उघडले, तिथे नाचाच्या पेटीपाशी जात कशाला आणायची? कपडा धुवा आणि घाला. ज्याने तो आधी घातला, तोही तुमच्यासारखाच घाम गाळून नाचला होता.

शेवटी, पुन्हा वास येऊ नये म्हणून काय करायचे?

नाचणाऱ्याने पोशाखाच्या आत आपली स्वतःची सुती बंडी घालावी. घाम बंडीत जिरतो आणि बंडी रोज धुता येते. बगलेत सुती कापडाची दुहेरी पट्टी चार टाक्यांनी लावावी. खेळ झाला की ती उसवून धुवावी. पोशाख घालण्याआधी आंघोळ करावी.

खेळ पहाटे संपतो. सगळ्यांना झोप आलेली असते. कपडे तसेच पेटीत कोंबले जातात. सगळे बिघडते ते इथेच. त्या वेळी कपडे पेटीत टाकू नका. दोरीवर उलटे टांगा. ऊन लागले, हाताला कोरडे लागले, की मग घडी करा.

पेटी जमिनीवर ठेवू नका. खाली चार विटा ठेवा. कपडे प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, जुन्या सुती धोतरात बांधा. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा. त्याने किडे दूर राहतात. डांबराच्या गोळ्या टाकू नका. तान्ह्या मुलांना त्या अपाय करतात आणि त्यांचाच वास कपड्यांना लागतो. पावसाळ्यात उघडीप पडली, की पेटी उघडून कपडे वाऱ्यावर घाला. श्रावणात एकदा आणि पोळ्याच्या सुमाराला एकदा, एवढे तरी कराच. म्हणजे दिवाळीला पेटी उघडाल, तेव्हा नाक धरावे लागणार नाही.

हे सगळे काम एकट्याचे नाही. अन् नुसत्या बायकांचेही नाही. नाचायला सगळे आणि धुवायला घरची बाई, हा कोणता न्याय? ज्याने घातला, त्याने धुवावा.

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. त्या विद्येचा इथे उपयोग करा. एका कागदावर चार रकाने पाडा. पहिल्यात कपड्याचे नाव लिहा. दुसऱ्यात तो कोणी घातला ते लिहा. तिसऱ्यात कोणत्या तारखेला धुतला ते लिहा. चौथ्यात वाळवून पेटीत कोणी ठेवला ते लिहा आणि त्याने आपली सही करावी. अंगठा नको, सही. तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. ज्याच्या रकान्यात धुतल्याची तारीख नाही, तो कपडा कोणाच्या अंगावर चढवू नका.